प्रेरणा घेतली की उचललं? लेखन आपलंच आहे ना, हे टप्प्याटप्प्याने तपासण्याची पद्धत

एकांकिका स्पर्धांचे आणि दिवाळी अंकांचे दिवस जवळ आले की नाशिकमधली लिहिती मुलं मला संहिता आणि कथा वाचायला देतात. दरवर्षी त्यातल्या दोन-तीन वाचताना मी मध्येच थांबते, कारण पुढे काय होणार हे मला आधीच माहीत असतं. लिहिणाऱ्याला विचारलं की तो म्हणतो, "ताई, फक्त प्रेरणा घेतलीय. नावं, गाव, शेवट, सगळं बदललंय."

तो खोटं बोलत नसतो, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. चोरी करायची म्हणून तो बसलेला नसतो. टिपणात कुणाचं वाक्य कुठलं हे लिहिलेलं नसतं, मूळ गोष्ट समोर उघडी ठेवून खर्डा केलेला असतो, आणि 'आधारित' लिहायचं की 'स्वतंत्र' हा प्रश्न प्रवेशिका भरायच्या शेवटच्या रात्री पडलेला असतो. कामाचा क्रम उलटा झालेला असतो. खाली मी सरळ क्रम देते आहे. कथा, कविता, एकांकिका, लघुपटाची पटकथा, काहीही लिहीत असाल तरी हाच वापरा.

सुरू करण्यापूर्वी: सगळ्यांचं काय, एकाचं काय

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली निव्वळ कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं. आपल्या नाटकावरून चित्रपट काढला, अशी एका नाटककाराची तक्रार होती. दोन्हींचा विषय प्रांतवाद. न्यायालयाने सांगितलं की विषय, कल्पना, ढोबळ कथासूत्र, ऐतिहासिक किंवा पौराणिक घटना यांवर कुणाची मक्तेदारी नसते. प्रश्न असतो तो रूपाचा, रचनेचा आणि अभिव्यक्तीचा. नाटककार तो खटला हरला.

हे नाशिकच्या उदाहरणावर लावून बघा. २१ डिसेंबर १९०९ रोजी इथल्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग होता आणि तिथे अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ही तारीख, ही जागा, ही माणसं कुणाच्या मालकीची नाहीत. उद्या दहा जणांनी यावर दहा एकांकिका लिहिल्या तरी कुणी कुणाची चोरी केली असं होत नाही. पण समजा, त्यातल्या एकाने पडदा ओढणारा एक पोरगा कल्पनेने उभा केला आणि ती सगळी संध्याकाळ त्या पोराच्या डोळ्यांतून दाखवली, तर तो पोरगा त्या लेखकाचा. तुमच्या एकांकिकेत तोच पोरगा चहावाला होऊन आला तरी तो त्याचाच.

महाभारताच्या बाबतीत तर हमखास गल्लत होते. कर्ण सगळ्यांचा आहे. पण कर्णाबद्दल आपल्याला जे 'माहीत' असतं त्यातलं बरंच आधुनिक कादंबरीकारांनी रचलेलं असतं. प्रसंग मूळ कथेत आहे की कुणाच्या कादंबरीत, हे तपासल्याशिवाय तो वापरू नका.

टप्पा १: उगमाची वही

एक साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानावर उभी रेघ मारून दोन भाग करा. डावीकडे दुसऱ्याचं, उजवीकडे तुमचं.

डावीकडे लिहिताना तीन गोष्टी सोडायच्या नाहीत: लेखकाचं नाव, पुस्तक किंवा अंक आणि वर्ष, पान क्रमांक. वाक्य जसंच्या तसं उतरवलं असेल तर अवतरण चिन्हं लगेच, त्याच क्षणी. आपल्या शब्दांत सार लिहिलं असेल तर शेजारी 'सार' असं लिहा. लघुपट पाहिला असेल तर नाव, भाषा आणि कुठल्या मिनिटाला काय दिसलं ते. कुणी काही सांगितलं असेल तर त्या माणसाचं नाव, गाव, तारीख. सुरगाणा-पेठकडच्या कोकणा आदिवासी घरात कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, कथा ऐकलीत तर कथा समाजाची आहे, तिच्यावर एका माणसाचा हक्क नाही. पण ती तुम्हाला ज्या आजीने सांगितली तिचं नाव वहीत हवंच. तिच्या सांगण्यातली वळणं तिची असतात.

उजवीकडे तुम्हाला सुचलेलं. एसटीत ऐकलेलं वाक्य, बाजारात दिसलेला हात, आईचा शब्द, काहीही.

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त लोक तोच गाळतात. मीही गाळला होता. कॉलेजात असताना सार्वजनिक वाचनालयात बसून आवडलेल्या ओळी उतरवायचे, नुसत्या ओळी, नावाशिवाय. पुष्कळ वर्षांनी एका कवितेत गोदेच्या घाटावर वाळत घातलेल्या लुगड्याची एक प्रतिमा लिहिली. खूप आवडली होती मला ती. कविता पाठवायच्या आदल्या आठवड्यात माळ्यावरची जुनी वही हाती लागली आणि त्यात ती प्रतिमा माझ्याच अक्षरात होती. माझी की कुणाची उतरवलेली, सांगता येईना. महिनाभर वाचनालयातली पुस्तकं चाळली, सापडलं नाही. ती कविता मी आजवर कुठे दिली नाही.

आपल्याला आठवत नाही म्हणजे आपण घेतलं नाही, असं होत नाही. जॉर्ज हॅरिसन यांच्या एका गाजलेल्या गाण्याच्या चालीबद्दल अमेरिकेतल्या न्यायालयाने १९७६ मध्ये निर्णय दिला की त्यांनी नकळत, अबोध मनातून आधीच्या गाण्याची नक्कल केली आहे. मुद्दाम केलेली नव्हती हे मान्य करूनही ठपका राहिलाच.

*सावध:* मोबाइलवर लेख, कविता 'सेव्ह' करून ठेवणं म्हणजे टिपण नव्हे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कवितेखालचं नाव तर पुष्कळदा चुकीचं असतं. छापील पुस्तकात सापडेपर्यंत वहीत 'कवी अज्ञात' असंच लिहा आणि ती ओळ लेखनात वापरू नका. एआयकडून कल्पना किंवा मजकूर घेतलात तर तोही डाव्या बाजूला. त्यातलं वाक्य मुळात कुणाचं, हे तुम्हाला कळायचा मार्ग नसतो.

टप्पा २: नेमकं काय भावलं, ते एका वाक्यात

गोष्ट आवडली, त्यावरून काहीतरी लिहावंसं वाटलं, की लगेच लिहायला बसू नका. आधी वहीत उजवीकडे एक वाक्य लिहा: मला यातलं नेमकं काय लागलं? त्या वाक्यात मूळ गोष्टीतलं एकही पात्र, जागा, वस्तू येता कामा नये. असं वाक्य जमत नसेल तर गोष्ट अजून तुमच्या आत उतरलेली नाही, एवढंच समजा.

उदाहरण घेऊ. मूळ गोष्ट मी याच लेखासाठी रचली आहे:

एका लहान गावाच्या एसटी स्टँडवर एक म्हातारा रोज संध्याकाळी येतो आणि कधीच बंद झालेल्या गाडीचं तिकीट मागतो. नवा कारकून त्याच्यावर खेकसतो. मग हमाल कारकुनाला सांगतो की म्हाताऱ्याचा मुलगा त्या गाडीने गेला तो परत आला नाही. दुसऱ्या दिवसापासून कारकून त्याला एक जुनं तिकीट फाडून देतो आणि म्हणतो, "गाडी लेट आहे, बाबा. बसा." एक दिवस म्हातारा येत नाही. ड्यूटी संपल्यावर कारकून त्याच्या बाकावर जाऊन बसतो.

हे वाचून एक लेखक वहीत लिहितो: 'म्हातारा आणि बंद झालेली गाडी.' हे चालणार नाही. यात गोष्टीचं सामान आलं, मनाला काय लागलं ते आलं नाही. दुसरी लेखिका लिहिते: 'समोरच्याचं दुःख हलकं करायला एखादा माणूस रोज एक छोटं खोटं बोलतो.' हे चालेल. यात ना स्टँड आहे, ना तिकीट. इथून कुठेही जाता येतं.

टप्पा ३: सांगाडा मांडून बघा

आता तुमच्या होऊ घातलेल्या गोष्टीतल्या घटना क्रमाने लिहा, फक्त सहा-सात ओळी. शेजारी मूळ गोष्टीच्या घटना तशाच लिहा. मग नावं, गाव, वय, लिंग, काळ हे सगळं दोन्हीकडून खोडा आणि उरलेलं वाचा.

पहिल्या लेखकाची गोष्ट अशी: नाशिक रोड स्टेशनवर एक आजी रोज येते, बंद झालेल्या पॅसेंजरचं तिकीट मागते. खिडकीवरची नवी बाई चिडते. बूटपॉलिशवाला तिला सांगतो की आजीची मुलगी त्या गाडीने गेली. मग ती बाई आजीला रद्द तिकीट देते, "उशिरा येतेय गाडी." शेवटी आजी येत नाही आणि ती बाई आजीच्या जागेवर बसते.

खोडा आणि बघा. रोज येणं, नसलेल्या गाडीचं तिकीट, चिडणं, तिसऱ्याकडून कारण कळणं, खोटं तिकीट, गैरहजेरी, रिकाम्या जागी बसणं. सातही घटना त्याच आणि क्रमही तोच. एसटीची रेल्वे केली, म्हाताऱ्याची आजी केली, पण गोष्टीची हाडं तशीच आहेत. "सगळं बदललंय" म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा एवढंच बदललेलं असतं.

दुसऱ्या लेखिकेची गोष्ट निफाडकडे घडते. सासऱ्यांना आता दिसत नाही, अंथरुणावर आहेत. जन्म कांद्यात गेला. सून रोज सकाळी त्यांना पेपरातला लासलगावचा भाव वाचून दाखवते. भाव पडलेला असतो, आठशे. सून म्हणते, "पंधराशे." सासरे खूश. दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी ते विचारतात, "एवढा भाव आहे तर माल चाळीत कशाला ठेवलाय? आजच गाडी भरा." आता सुनेने काय करायचं?

इथे त्या एका वाक्यातलं खोटं आहे, पण ते तिला दुसऱ्याच अडचणीत घेऊन गेलं. मूळ गोष्टीत खोटं म्हणजे दिलासा होता. इथे खोट्याची किंमत मोजायची वेळ आली. ही गोष्ट आता कुणाच्या मागे चाललेली नाही, स्वतःच्या पायाने चालली आहे. मी प्रेरणा म्हणते ती याला.

*तपासा:* घटना खोडून झाल्यावर सलग तीन किंवा जास्त घटना त्याच क्रमाने जुळत असतील तर थांबा. हा तीनाचा आकडा माझ्या वाचनातून आलेला आहे, कायद्यातला नाही. एखादीच घटना जुळते पण ती गोष्टीचा कळसच आहे, तरीही थांबा. मग पुढे दोनच वाटा: टप्पा २ वर परत जाऊन नव्याने विचार करायचा, किंवा उघडपणे 'रूपांतर' म्हणून परवानगी मागायची. तिसरी वाट नाही.

टप्पा ४: नाव काय द्यायचं आणि परवानगी लागते का, हे खर्ड्याआधी ठरवा

हा टप्पा इथेच, लिहिण्याच्या आधी. खालच्या चारपैकी आपलं लेखन कशात बसतं ते ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. लिहून झाल्यावर आपला जीव त्या संहितेत अडकतो, तालमी सुरू होतात, नेपथ्याचे पैसे भरलेले असतात, आणि मग मन आपोआप 'स्वतंत्र'कडे झुकतं.

*अनुवाद*: दुसऱ्या भाषेतलं लेखन मराठीत आणलं. परवानगी लागते.

*रूपांतर*: कथेची एकांकिका केली, किंवा परक्या गोष्टीला आपल्या मातीत आणलं. परवानगी लागते. कायद्यात कथेवरून नाटक करणं हा मूळ लेखकाचा हक्क म्हणून स्पष्ट सांगितलेला आहे.

*आधारित, बेतलेलं*: सांगाडा मूळचा, भर तुमची. यालाही परवानगी लागते. इथे सर्वाधिक चुका होतात, कारण 'आधारित' असं छापलं की आपण सुटलो असं लोकांना वाटतं. नाव देणं म्हणजे परवानगी मिळवणं नव्हे.

*प्रेरित*: सांगाडा तुमचा, ठिणगी दुसऱ्याची. परवानगी लागत नाही, पण ऋण मान्य करावं असं मी आग्रहाने सांगते.

हक्क किती काळ? लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या कविता मोकळ्या आहेत. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, तेही २०१० संपताना मोकळे झाले. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ रोजी गेले. म्हणजे त्यांच्या लेखनावरचे हक्क ३१ डिसेंबर २०५९ पर्यंत आहेत. नाशिकमध्ये हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तात्यासाहेब आपले, आपल्या गावचे, २७ फेब्रुवारी आपला दिवस, हे सगळं मनापासून खरं आहे. पण म्हणून त्यांच्या कवितेवर परवानगीशिवाय एकांकिका रचता येते असं नाही. बाबूराव बागूल २००८ मध्ये गेले, त्यांच्या कथांसाठी २०६८ पर्यंत हाच नियम.

अनुवादाच्या बाबतीत अजून एक खाचखळगा आहे. शेक्सपिअर केव्हाच मोकळा झाला. म्हणून एखादा गट 'मॅकबेथ' करायला घेतो आणि संवाद मात्र शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मधले उचलतो. मूळ मोकळं असलं तरी मराठी रूपावर रूपांतरकाराचा स्वतःचा हक्क असतो. मूळ इंग्रजीवरून स्वतः मराठी करा, नाहीतर परवानगी घ्या.

परवानगी लेखी घ्या. फोनवरचं "हो, करा की" किंवा अंगठ्याचं चित्र पुरत नाही, कायद्याला लेखी लागतं. पत्रात एवढं असू द्या: मूळ कलाकृती आणि लेखकाचं नाव, तुम्ही नेमकं काय करणार (एकांकिका, अनुवाद, लघुपट), प्रयोग किती किंवा प्रती किती, मानधन, श्रेयाचं वाक्य कसं छापणार, कुठल्या प्रदेशासाठी, किती मुदतीसाठी. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. लघुपट नेटवर टाकायचा असेल तर प्रदेशाची ओळ मुळीच विसरू नका.

*सावध:* हौशी संस्थेने तिकीट न लावता प्रयोग केला तर कायद्यात सूट आहे, हे बरोबर आहे. पण ती सूट प्रयोग करण्यापुरती. मूळ संहिता मोडून-जोडून लेखक म्हणून स्वतःचं नाव लावायची सूट त्यात नाही.

टप्पा ५: मूळ मिटा, मग लिहा

खर्डा लिहायच्या दिवशी मूळ पुस्तक टेबलावर नको. शक्यतो घरातही नको, वाचनालयात परत देऊन या. टॅब बंद करा. टप्पा २ मधलं ते एक वाक्य आणि टप्पा ३ मधला तुमचा सांगाडा, एवढंच समोर ठेवा. वाचन आणि खर्डा यांत मी दोन आठवड्यांचं अंतर ठेवते. घाई असेल तर तीन-चार दिवस तरी ठेवा.

लिहिताना अडलात की 'त्याने हा प्रसंग कसा केला होता?' हे बघायला उठावंसं वाटेल. उठू नका. वहीची उजवी बाजू उघडा, ती यासाठीच भरली आहे. आणि एखादा संवाद पहिल्याच फटक्यात अगदी गोळीबंद उतरला, एकही शब्द हलवावा लागला नाही, तर शेजारी फुलीची खूण करा. असा सहज आलेला संवाद कधी खरोखर तुमचा असतो, कधी आठवणीतून आलेला. पुढच्या टप्प्यात कळेल.

टप्पा ६: शेजारी ठेवून तपासणी

खर्डा पूर्ण झाला की मूळ परत आणा. आता दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं, हातात रंगीत पेन्सिल घेऊन.

आधी वाक्यं. सारखे शब्द शोधणं सोपं असतं. अवघड असतं ते शब्द बदलून तीच प्रतिमा आलेली ओळखणं. समजा मूळ वाक्य असं आहे: "त्याच्या आवाजात जुन्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा खडखडाट होता." खर्ड्यात आलं: "तिचं बोलणं गंजक्या पत्र्यावरच्या पावसासारखं खडखडत होतं." बहुतेक शब्द बदलले, पण कानाला ऐकू येणारी गोष्ट तीच. समानार्थी शब्द शोधून हे दुरुस्त होत नाही. पत्राही सोडा, पाऊसही सोडा. निफाडच्या त्या सासऱ्याचा आवाज तुम्हाला कसा ऐकू येतो? कांद्याची वाळलेली पात पायाखाली चुरावी तसा? मग ते लिहा. ते तुम्ही ऐकलेलं आहे.

मग रचना: कुठून सुरुवात, निवेदक कोण, काळ मागे-पुढे कसा जातो, कुठली गोष्ट लपवली आणि कधी उघड केली. एखाद्याने पूर्ण गोष्ट न पाठवलेल्या पत्रांतून सांगितली असेल आणि तुम्हीही. पत्रांतून सांगणं सगळ्यांचं आहे. पण 'शेवटचं पत्र कोरं निघतं' ही युक्ती त्याची असेल तर ती काढा.

मग पात्रांच्या लकबी आणि नावं. मग शेवट. शेवटाला मी सगळ्यात कडक असते, कारण वाचक शेवटच घरी घेऊन जातो.

सगळं झाल्यावर १९७८ च्या निकालातली कसोटी लावा: दोन्ही कलाकृती पाहिलेल्या सामान्य माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं निःसंशय वाटेल का? मी ती आणखी कडक लावते. त्याला तसं वाटेल का, एवढंच विचारते. 'निःसंशय' कोर्टासाठी ठेवा.

*सावध, टक्केवारी:* "दहा टक्क्यांपर्यंत चालतं" हे वाक्य विद्यापीठातून बाहेर पडलेली मुलं फार विश्वासाने म्हणतात. ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतलं आहे आणि प्रबंध, शोधनिबंधांसाठी आहे. कथा-कवितेशी त्याचा संबंध नाही. "तीस टक्के बदललं की आपलं", "चार ओळी चालतात" हेही कायद्यात कुठे नाही. दहा ओळींच्या कवितेतली एक ओळ उचलली तरी कधी तीच तिचा प्राण असते.

सॉफ्टवेअरवरही विसंबू नका. ते सारखी अक्षरं शोधतं. वर दिलेली स्टेशनवरची आजी त्यातून बिनबोभाट निघून जाईल. कोरियन लघुपटावरून मराठीत केलेली एकांकिकाही.

टप्पा ७: एक वाचणारा, एक न वाचलेला

खर्डा दोन माणसांना द्या. एक असा, ज्याने मूळ वाचलं आहे. त्याला फक्त एवढं विचारा: "कुठे मूळ आठवलं?" चांगलं आहे का, ते विचारू नका, तो भरकटेल. तो ज्या जागा सांगेल त्या निमूट लिहून घ्या. वाद घालावासा वाटला, "पण माझा हेतू वेगळा होता" म्हणावंसं वाटलं, की ती जागा नक्की दुरुस्त करायची आहे असं धरा.

दुसऱ्याने मूळ वाचलेलं नसावं. त्याला विचारा: "कुठे काही कळलं नाही? कुठे उपरं वाटलं?" मूळच्या आधाराशिवाय जी जागा उभी राहत नाही ती तुम्ही पचवलेली नसते. आपल्या गावात ज्या बाईला कुणी कधी नावाने हाक मारणार नाही, तिला पात्रं नावाने हाक मारतात. जिथे भाकरी-पिठलं असायला हवं तिथे काहीतरी भलतंच शिजतं. ही मूळ गोष्टीची उरलेली खूण असते.

टप्पा ८: ऋणनिर्देश आणि पाठवणं

ऋणनिर्देश नेमका लिहा. "अनेक थोर लेखकांच्या प्रभावातून" या वाक्यातून कुणाचंच ऋण कळत नाही. कुणाची, कुठली कलाकृती आणि तिच्यातलं काय, हे तिन्ही हवं. उदाहरणार्थ: "या कथेची ठिणगी अमुक यांच्या तमुक कथेतून मिळाली. त्यातलं रोजचं छोटं खोटं मला सोडेना. प्रसंग, पात्रं आणि कथानक स्वतंत्र आहेत." एवढं लिहिल्याने तुमचं लेखन कमी ठरत नाही. मी परीक्षक म्हणून बसले आहे तिथे अशा संहितेकडे मी जास्त विश्वासाने पाहिलं आहे.

जागाही महत्त्वाची. छापील कथेत सुरुवातीला किंवा शेवटी, कथेच्याच पानावर. एकांकिकेत पहिल्या पानावर आणि प्रयोगाच्या निवेदनात, दोन्हीकडे. संपादकाने जागेअभावी ओळ कापू नये म्हणून सोबतच्या पत्रात तसं स्पष्ट लिहा. अनुवाद-रूपांतर असेल तर परवानगीपत्राची प्रत जोडा, मूळ स्वतःकडे ठेवा.

प्रवेशिकेतल्या 'स्वतंत्र संहिता' या चौकटीवर खूण करण्याआधी टप्पा ४ मध्ये वहीत काय लिहिलं होतं ते बघा. तिथे 'आधारित' असेल तर इथे 'स्वतंत्र' होऊ शकत नाही. हक्क संपलेल्या जुन्या कवीची ओळ घेतली असेल तरी त्याचं नाव द्या. हक्क संपला म्हणून ओळ तुमची होत नाही.

वही, सांगाडा, तारखा घातलेले खर्डे जपून ठेवा. उद्या कुणी तुमच्यावर बोट ठेवलं, किंवा तुमचंच कुणी उचललं, तर दाखवायला हेच कागद असतात. नोंदणी सक्तीची नाही, लिहिल्या क्षणी हक्क तुमचा असतो. पण तो क्षण कुठला, हे कागदाशिवाय सांगता येत नाही.

टप्पा ९: छापून आल्यावर चूक लक्षात आली तर

हेही होतं, काळजी घेऊनही होतं. पहिल्या दिवशी संपादकाला किंवा स्पर्धेच्या आयोजकांना स्वतः कळवा, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. काय घेतलं गेलं, कुठून, कसं, एवढं चार ओळींत. 'अनवधानाने' हा शब्द एकदाच वापरा. मग मूळ लेखकाला किंवा वारसांना पत्र, त्यात क्षमा आणि पुढे काय करणार ते. पुढच्या अंकात दुरुस्ती छापायची विनंती करा. बक्षीस मिळालं असेल तर ते परत करण्याची तयारी पत्रातच लिहा. नेटवर असेल तर मजकूर गुपचूप काढून टाकू नका. आधी त्याच जागी दुरुस्तीची नोंद लावा, मग मूळ लेखक म्हणतील तसं करा.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने हे सगळं केलं. तिच्या एकांकिकेतला एक प्रवेश जुन्या कथेतला होता, तिच्या उशिरा लक्षात आलं. पत्र मी तिच्याबरोबर बसून लिहिलं. लेखक वयस्कर होते. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं: प्रवेश काढू नकोस, खाली माझं नाव लिही, आणि पुढचा प्रयोग कधी आहे ते कळव.